सस्पेन्शनचं काम झालं, आता अलाइनमेंट करायची का?

शॉकअप बदलले, लोअर आर्म बदलला, गाडी न्यायला आलात आणि आम्ही म्हणतो अलाइनमेंटपण, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर बरोबर लावणं, करून घ्या, तेव्हा बऱ्याच जणांना वाटतं की हा वरून लावलेला खर्च आहे. शंका येणं साहजिक आहे, आणि खरं सांगायचं तर प्रत्येक कामानंतर ती लागतेच असं नाही. काही पार्ट बदलले की अलाइनमेंट करावीच लागते, काहींचा तिच्याशी काडीचाही संबंध नसतो, म्हणून हे सगळं लिहून दिलंय, वाचा आणि पटलं तर करा.

बघायचं एवढंच की बदललेला पार्ट चाकाचा कोन ठरवतो का. कोन तीन असतात. टो म्हणजे वरून बघितलं तर चाकांची तोंडं आत वळलीत की बाहेर, कॅम्बर म्हणजे समोरून बघितलं तर चाक वरच्या बाजूने आत झुकलंय की बाहेर, आणि कॅस्टर म्हणजे बाजूने बघितलं तर ज्या रेषेभोवती पुढचं चाक वळतं ती रेषा मागे किती कललीय. टायर सगळ्यात जास्त झिजतो तो टोमुळे, त्यानंतर कॅम्बरमुळे. कॅस्टरने टायर फारसा झिजत नाही पण वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येणं आणि गाडी एका बाजूला ओढणं याच्याशी त्याचा संबंध असतो.

आता पार्टचं बघू. टाय रॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे स्टेअरिंगपासून चाकापर्यंत जाणाऱ्या रॉडची टोकं, बदलला तर विचारायचंच नाही, अलाइनमेंट हवीच, कारण टो सेट होतो तोच मुळी या रॉडच्या आट्यांवर. जुना एंड काढताना आटे मोजून नवा तेवढाच फिरवून बसवतात, आम्हीपण तसंच करतो, पण ते फक्त गाडी अलाइनमेंट मशीनपर्यंत नीट जावी म्हणून, त्यावर रोज गाडी चालवायची नसते. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), त्याचे बुश (सांध्यातले रबर), स्टेअरिंग रॅक, किंवा कुठल्याही कामासाठी सबफ्रेम (हे पार्ट ज्यावर बसतात ती खालची चौकट) खाली उतरवली असेल तर तेच. बॉल जॉइंट वेगळा बदलला तरी एकदा मशीनवर चेक करून घ्यावं. स्प्रिंग बदलल्या की गाडीची उंची बदलते आणि उंचीबरोबर कॅम्बर आणि टो दोन्ही हलतात, म्हणून तिथेही हवी.

पुढच्या शॉकअपबद्दल सगळ्यात जास्त वाद होतो म्हणून ते जरा सविस्तर. आजच्या बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र, आणि तो खाली नकलला (चाक ज्यावर बसतं तो भाग) बहुतेक वेळा दोन बोल्टने पकडलेला असतो. हा स्ट्रटच चाक उभं धरून ठेवतो. बोल्ट आणि भोक यांच्यात थोडी जागा असते आणि दोन बोल्टमधलं अंतर साधारण 5-6 सेंटीमीटर, त्यामुळे एक बोल्ट अर्धा मिलीमीटर जरी सरकून घट्ट झाला तरी कॅम्बर जवळपास अर्ध्या अंशाने बदलतो. जुन्या जागेवर खूण करून बसवलं तरी नव्या स्ट्रटची भोकं जुन्यासारखी तंतोतंत असतील याची खात्री नाही, आणि कॅम्बर हलला की त्याच्याबरोबर टोही हलतो. म्हणून पुढचे स्ट्रट किंवा त्यांचं वरचं माउंटिंग बदललं की आम्ही अलाइनमेंटचा आग्रह धरतो.

आणि जिथे लागत नाही तेही सांगतो. स्टॅबिलायझरची लिंक रॉड आणि त्याचे बुश बदलले तर अलाइनमेंट लागत नाही, तो बार फक्त वळणावर गाडीचं कलणं कमी करतो, चाकाचा कोन त्याच्या हातात नाही. ज्या गाड्यांना मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा बीम) असतो आणि शॉकअप वेगळा असतो त्यांचे मागचे शॉकअप बदलले तरी लागत नाही. मागे मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला वेगवेगळे अनेक आर्म) असेल आणि त्यातला एखादा आर्म किंवा बुश बदलला तर मात्र चारही चाकांची करावी लागते. मागच्या चाकांचा टो चुकला की गाडी किंचित तिरकी चालते आणि सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं धरावं लागतं, मग पुढे कितीही सेटिंग केलं तरी मूळ दोष जात नाही.

"गाडी तर सरळ चालतेय, हात सोडला तरी ओढत नाही, मग कशाला?" हे आम्ही फार ऐकतो, आणि नुकसान नेमकं इथेच होतं. पुढच्या टोमधली चूक गाडी चालू असताना दोन्ही चाकांत सारखी वाटली जाते, त्यामुळे गाडी सरळच जाते, पण दोन्ही टायर सतत आडवे घासत राहतात. साधा हिशोब बघा, टायरचा व्यास 600 मिलीमीटर धरला आणि दोन्ही चाकांचा मिळून टो 3 मिलीमीटरने चुकला तर प्रत्येक टायर दर किलोमीटरला साधारण अडीच मीटर आडवा घासला जातो. ड्रायव्हिंग सीटवर बसून यातलं काही कळत नाही, कळतं तेव्हा टायरची कड गेलेली असते. त्यामुळे मधूनमधून, गाडी थंड आणि उभी असताना, टायरवरून तळहात आडवा फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो बिघडलाय. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड झिजत असेल तर कॅम्बर बघायला हवा.

ठराविक स्पीडला, समजा 80-100 ला, स्टेअरिंग थरथरत असेल तर ती बहुधा बॅलन्सिंगची, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसल्याची, तक्रार असते, अलाइनमेंट करून ती जाणार नाही. या दोन गोष्टींची गल्लत खूप होते.

काम कुठेही करून घ्या पण क्रम पाळायला सांगा. आधी सगळे पार्ट, मग अलाइनमेंट. जॉइंटमध्ये प्ले (ढिलेपणा) असताना केलेलं सेटिंग पहिल्या खड्ड्यातच हलतं, ते पैसे वाया. रबर बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना शेवटचे घट्ट करायचे नसतात, गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच करायचे, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो, आणि हे अलाइनमेंटच्या आधी झालेलं असलं पाहिजे. मशीनवर घेण्याआधी टायरची हवा बरोबर हवी. सेटिंग मागून पुढे येतं, पुढे कॅम्बर आधी आणि टो शेवटी, स्टेअरिंग सरळ लॉक करून. बऱ्याच गाड्यांमध्ये कंपनीने फक्त पुढचा टोच ॲडजस्ट करायची सोय दिलेली असते, तिथे कॅम्बर रेंजच्या बाहेर दिसला तर एखादा पार्ट वाकलाय का ते शोधावं लागतं, नुसतं टो सेट करून गाडी देऊन टाकणं बरोबर नाही. आधीचं आणि नंतरचं दोन्ही रीडिंग असलेली प्रिंट मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

नव्या गाड्यांमध्ये अलाइनमेंटनंतर स्टेअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरने झिरो करावा लागू शकतो, आणि लेन बघणारा कॅमेरा असेल तर काही मॉडेलना त्याचं कॅलिब्रेशनही लागतं. काम झाल्यावर स्टॅबिलिटीचा दिवा लागलेला राहिला तर गाडी तशीच नेऊ नका, लगेच दाखवा.

नव्या स्प्रिंग टाकल्या असतील तर त्या थोड्या बसतात, म्हणून 500 ते 1000 किलोमीटर झाल्यावर गाडी परत एकदा मशीनवर आणा. येताना आधीची प्रिंट बरोबर ठेवा, म्हणजे नेमकं काय आणि किती हललं ते तुमच्यासमोरच बघता येईल.