कोर्टात दंड भरला, तरी लायसन्स का अडकतं?

"साहेब, दहा हजार भरले, ही पावती. आता लायसन्स द्या." आरटीओच्या खिडकीवर असं म्हणणारे बहुतेक जण तसेच परत फिरतात. दारू पिऊन गाडी चालवल्याचा, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५चा गुन्हा ॲपवर चलन भरून मिटत नाही, कोर्टात जावंच लागतं. पण कोर्टाचा दंड वेगळा आणि लायसन्सवरची कारवाई वेगळी. पोलिसांनी ठेवून घेतलेलं लायसन्स आरटीओकडे जातं. पहिल्या वेळी ३ महिने अपात्र, दुसऱ्या वेळी लायसन्सच रद्द.

"मागच्या केसला चार वर्षं झाली, म्हणजे ही पहिलीच," हा हिशेब विसरा. ३ वर्षांच्या आत घडला तरच दुसरा गुन्हा धरायची अट २०१९च्या दुरुस्तीत गेली. दुसरा गुन्हा कधीही घडो, १५ हजार दंड किंवा २ वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आदेशाआधी तुमचं म्हणणं ऐकायला बोलावतात. नोटीस लायसन्सवरच्या पत्त्यावर, आणि चाळ तर पुनर्विकासात कधीच पाडलेली! ट्रान्झिट कॅम्पात राहणाऱ्यांनो, पत्ता आधी बदला. अपिलाचे ३० दिवस आदेश हातात पडल्यापासून मोजतात, म्हणून आदेश ज्यातून आला ते पाकीट फेकू नका.

३ महिने सरले की लायसन्स आपोआप मिळतं, हाही गैरसमज. उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि नेमका तोच कागद कुणाकडे नसतो. परवानाधारक संस्थेतूनच घ्या. फी भरण्याआधी परवाना बघायला मागा, लाजू नका.

व्यसनाच्या तपासणीचं काय? अमेरिकेत बऱ्याच राज्यांत अशा चालकाला ती करावीच लागते. आपला कायदा मागत नाही, मात्र कलम १९ सराईत मद्यपीला लायसन्ससाठी अपात्र ठरवू देतं. म्हणून दुसऱ्यांदा सापडलेल्याला मी जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही पिण्याची सवय मोजणारी प्रश्नावली देतो. १० प्रश्न, ४० गुण. ८ किंवा जास्त आले तर पिणं धोक्याचं, २० किंवा जास्त आले तर डॉक्टर गाठायचा. परवा एका टेम्पोवाल्याने "महिन्यातून एकदा"वर खूण केली. मागे उभ्या बायकोने काही न बोलता पेन काढून घेतलं. बेरीज २३ झाली.

मुंबईत केईएम किंवा नायरच्या मानसोपचार ओपीडीत जा, नाहीतर १४४४६ला फोन करा, पैसे पडत नाहीत. प्रश्नावली भरताना घरचं कुणीतरी शेजारी बसवा.