मांजरालाही मिळालेले प्रमाणपत्र

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्टीव्ह आयकेल यांनी ‘झो डी. कात्से’ या नावाने संमोहनोपचारकांच्या संस्थांकडे अर्ज पाठवले. अर्जात थोडी रचलेली माहिती, सोबत फी. एकाहून अधिक संस्थांची प्रमाणपत्रे आली. ते नाव जरा मोठ्याने म्हणून पाहा. जर्मन भाषेत ‘डी कात्से’ म्हणजे मांजर, आणि झो ही आयकेल यांची पाळलेली मांजर होती. पुढे २००९ मध्ये बीबीसीचे निवेदक ख्रिस जॅक्सन यांनी हाच खेळ ब्रिटनमध्ये केला. त्यांच्या जॉर्ज नावाच्या बोक्याची तीन व्यावसायिक संस्थांकडे रीतसर नोंदणी झाली.

संस्थांचा ढिसाळपणा तर यात आहेच. पण ज्याला खरोखर संमोहनोपचार घ्यायचे आहेत त्याच्या कामाची गोष्ट वेगळी आहे: समोरच्या माणसाला संमोहित करणे हा या विद्येतला सोपा भाग आहे. ते काही दिवसांत शिकता येते. म्हणून ‘यांना संमोहन येते का’ या प्रश्नाने योग्य उपचारक सापडत नाही.

संमोहन म्हणजे झोप नव्हे. स्कॉटिश शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनी १८४०च्या दशकात हिप्नॉस या ग्रीक निद्रादेवतेवरून त्याला ‘हिप्नॉटिझम’ हे नाव रूढ केले. नंतर ते त्यांनाच खटकले आणि त्यांनी दुसरे नाव सुचवले, पण तोवर पहिले नाव लोकांच्या तोंडी बसले होते. संमोहित माणूस जागा असतो, ऐकत असतो. त्याचे लक्ष एका ठिकाणी एकवटलेले असते, आजूबाजूची जाणीव मंदावलेली असते आणि सूचनेला प्रतिसाद देण्याची क्षमता वाढलेली असते.

ही क्षमता बहुतांशी त्या माणसाची स्वतःची. अंगातली अदृश्य चुंबकीय शक्ती वळवून आजार बरे करतो, असा दावा करणारे डॉक्टर फ्रान्झ मेस्मर यांच्या या ‘प्राणी-चुंबकत्वा’ने, म्हणजे संमोहनाच्या पूर्वजाने, पॅरिसमध्ये धुमाकूळ घातला, तेव्हा फ्रान्सच्या राजाने १७८४ मध्ये चौकशी आयोग नेमला. त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए होते. फ्रँकलिनच्या बागेत मेस्मरच्या शिष्याने एक झाड त्या शक्तीने ‘भारून’ ठेवले आणि डोळे बांधलेल्या एका मुलाला एकेका झाडापाशी नेण्यात आले. पोरगा चौथ्या झाडाशी बेशुद्ध पडला. भारलेले झाड होते भलतेच! परिणाम खरा होता, पण तो झाडातून किंवा भारणाऱ्याच्या हातातून आलेला नव्हता. आज सूचनेला प्रतिसाद देण्याची हीच क्षमता अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बारा कसोट्यांच्या मापनश्रेणीवर मोजतात. साधारण १० ते १५ टक्के लोक चटकन आणि खोलवर प्रतिसाद देतात, जवळपास तेवढेच लोक फारसा देत नाहीत, बाकीचे मध्ये कुठेतरी. काही लोकांची २५ वर्षांनी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हाही त्यांचे गुण बरेचसे पूर्वीसारखेच निघाले. त्यामुळे ‘माझ्यापुढे कोणीही संमोहित होतो’ असे सांगणाऱ्याला एक तर हे माहीत नसते, किंवा तो आपल्याला गिऱ्हाईक समजत असतो.

मग पाहायचे काय? या क्षेत्रातला जुना नियम मला सर्वांत उपयोगी वाटतो: जो आजार तुम्ही संमोहनाशिवाय हाताळू शकत नाही, तो संमोहनानेही हाताळू नका. दातांच्या उपचारांच्या भीतीसाठी संमोहन वापरणारा आधी दंतवैद्य किंवा मानसशास्त्रज्ञ हवा. नैराश्यासाठी वापरणाऱ्याला नैराश्य ओळखता यायला हवे, त्यातले आत्महत्येचे धोके कळायला हवेत. संमोहन हे हत्यार आहे आणि ते कोणाच्या हातात आहे यावर सारे अवलंबून आहे.

वेदनेच्या बाबतीत हा नियम का पाळायचा ते १९९७ मधल्या एका प्रयोगात नेमके दिसते. पिएर रॅनव्हिल आणि सहकाऱ्यांनी संमोहित व्यक्तींचा हात चांगल्याच गरम पाण्यात ठेवायला लावला आणि ‘वेदना कमी त्रासदायक वाटेल’, ‘जास्त वाटेल’ अशा सूचना दिल्या. त्रास कमी-जास्त झाला आणि त्याबरोबर वेदनेचा त्रास जाणवण्याशी संबंध असलेल्या, मेंदूच्या अग्र सिंग्युलेट भागातली हालचालही बदलली. स्पर्श आणि वेदनेची तीव्रता नोंदवणाऱ्या भागात मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणजे वेदनेची धोक्याची घंटा वाजतच होती, तिचा जाच तेवढा कमी झाला. कर्करोगाच्या रुग्णासाठी किंवा जखमेची मलमपट्टी बदलताना हे वरदानच आहे. पण महिनाभरापूर्वी अचानक सुरू झालेली डोकेदुखी? तिथे घंटा कशासाठी वाजते आहे हे आधी शोधावे लागते. चांगला उपचारक ‘डॉक्टरांना दाखवले का, तपासण्या झाल्या का’ हे सुरुवातीलाच विचारतो. हा प्रश्न आलाच नाही, तर मी तरी तिथे थांबणार नाही.

कशासाठी किती पुरावा आहे हेही त्याला ठाऊक हवे. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम या, पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी सतत देणाऱ्या आतड्याच्या विकारावर मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये ३० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि पुढे तिथेच हे उपचार नियमित होऊ लागले. कोणते उपचार द्यावेत हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही संमोहनाला जागा मिळाली, पण वर्षभर औषधे घेऊनही गुण न आलेल्या रुग्णांसाठी. सिगारेट सोडण्याच्या बाबतीत चित्र फिके आहे. उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेचा २०१९ चा आढावा सांगतो की, संमोहन इतर उपायांपेक्षा सरस असल्याचा स्पष्ट पुरावा नाही. ‘एका बैठकीत धूम्रपान बंद, हमखास’ ही जाहिरात या माहितीशेजारी ठेवून पाहावी.

सर्वांत निसरडी जागा आठवणींची. मेंदूत सगळे काही ध्वनिफितीसारखे साठलेले असते आणि संमोहन ती फीत उलटी फिरवते, ही समजूत फार लोकप्रिय आहे आणि साफ चुकीची आहे. आठवताना मेंदू प्रसंग नव्याने जुळवतो. संमोहनात माणूस अधिक तपशील सांगतो, पण त्यात खऱ्याबरोबर खोटेही वाढते आणि दोन्हींबद्दलची खात्री सारखीच पक्की होते. म्हणूनच अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९८५ मध्ये संमोहनातून आलेल्या आठवणींबाबत सावध केले, आणि अनेक न्यायालये अशा साक्षी सहजासहजी स्वीकारत नाहीत. कॅनडाचे निकोलस स्पॅनोस यांनी तर ‘पूर्वजन्मा’त नेण्याचे प्रयोग केले. पूर्वजन्मी आपण कसे असू याबद्दल लोकांना आधी जे सांगितले होते, तसेच जन्म त्यांना ‘आठवले’. त्या काळाचे साधे ऐतिहासिक प्रश्न विचारले की उत्तरे चुकत. यात कोणी मुद्दाम थापा मारत नव्हते. लहानपणी आपल्यावर अत्याचार झाला असावा, अशी कुशंका घेऊन आलेल्या माणसाला असल्या ‘शोधा’त नेले, तर एक अख्खे कुटुंब उद्ध्वस्त होऊ शकते. उपचारकाला फोनवरच विचारा: ‘माझ्या विसरलेल्या आठवणी बाहेर काढाल का?’ उत्तर उत्साहाने ‘हो’ असे आले, तर पुढचे काही विचारायची गरज नाही.

कायद्याचा आधार देशागणिक बदलतो. इस्रायलमध्ये १९८४ पासून संमोहनाचा वापर परवानाधारक डॉक्टर, दंतवैद्य आणि मानसशास्त्रज्ञांपुरता मर्यादित आहे. ब्रिटनमध्ये ‘हिप्नोथेरपिस्ट’ (संमोहनोपचारक) या बिरुदाला कायद्याचे संरक्षण नाही, कोणीही पाटी लावू शकतो. म्हणून भिंतीवरचे चौकटीतले प्रमाणपत्र बाजूला ठेवून मूळ पेशाचा परवाना पाहावा, आणि तो देणाऱ्या सरकारी परिषदेच्या नोंदीत नाव स्वतः तपासावे. नावामागे ‘डॉक्टर’ असेल तर कशातला, हे विचारण्यात संकोच कसला? चालू औषधे बंद करायला सांगणारा, किंवा वीस बैठकींचे पैसे आगाऊ मागणारा, तिथेच सोडून द्यावा.

पहिली भेट बहुधा निराशच करते. कुठले लोलक नाहीत, मंद दिवे नाहीत. आजारांचा इतिहास, औषधे, झोप, पूर्वी कधी भास किंवा भ्रम झाले का, अपस्मार आहे का, घरी कोण असते, असे प्रश्नच प्रश्न. मग कोणते लक्षण किती कमी व्हायला हवे, किती बैठकींनंतर फरक पडला नाही तर थांबायचे, हे दोघांनी मिळून ठरवायचे. घरी स्वतःच करायचे संमोहन केव्हा शिकवणार, तेही तेव्हाच कळते. त्या दिवशी डोळे मिटायची वेळ पुष्कळदा येतच नाही.