गुडघ्याचा झटका आणि खो-खोतला सूर

आंतरशालेय सामना सुरू होता. खांबापाशी आमच्या एका मुलीनं सूर मारला आणि समोरच्या संघाचा गडी बाद केला. रेषेबाहेरून कुणीतरी ओरडलं, "काय रिफ्लेक्स आहेत पोरीचे!" मला आनंद झाला, पण ते वाक्य टोचलंही. आदल्याच आठवड्यात आमच्या संघातली दुसरी मुलगी एका निवड चाचणीतून परत आली होती. तिला सांगितलं होतं, "तुझे रिफ्लेक्स स्लो आहेत, हे जन्मजातच असतं." तेरा वर्षांच्या त्या पोरीनं ते खरं मानलं आणि चार दिवस मैदानाकडे फिरकली नाही.

मी सकाळी नववी-दहावीला विज्ञान शिकवते आणि संध्याकाळी मैदानावर खो-खो घेते. सकाळी फळ्यावर 'प्रतिक्षिप्त क्रिया', म्हणजेच रिफ्लेक्स, लिहायची आणि संध्याकाळी तोच शब्द भलत्याच गोष्टीला चिकटवलेला ऐकायचा, असं माझं चालू असतं. हातोडीनं उडणारा गुडघा आणि खो-खोतला सूर या दोन वेगळ्या जातीच्या हालचाली आहेत. दोन्ही डोळ्याचं पातं लवायच्या आत होतात आणि दोन्हींबद्दल आपण "आपोआप झालं" असंच म्हणतो. सारखेपणा तेवढाच.

आधी गुडघा घेऊ. तो सोपा आहे. पाय लोंबते सोडून बसायचं, डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडी मारतात आणि पाय टुणकन पुढे उडतो. हातोडीमुळे वाटीखालचा स्नायुरज्जू दाबला जातो आणि मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो. स्नायूतल्या संवेदकांना तो ताण कळतो. तिथून निघालेला संदेश कमरेच्या भागातल्या मेरुरज्जूत पोचतो, दोन चेतापेशींमधला फक्त एकच सांधा ओलांडतो आणि त्याच स्नायूकडे "आखड" म्हणून परत येतो. हातोडी पडल्यापासून स्नायू जागा होईपर्यंत साधारण २० ते ३० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा तिसावा-पन्नासावा भाग. मेंदूला ही बातमी नंतर कळते. तापलेल्या तव्याला बोट लागलं तरी तसंच होतं. हात मागे यायला लागतो आणि "भाजलं!" हे त्यानंतर उमटतं. इथं निवड नाही, पर्याय नाही, विचारविनिमय नाही.

आता मैदान. नऊ जणींचा आक्रमक संघ, त्यातल्या आठ जणी मधल्या पट्टीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेल्या. नववी पाठलाग करते. तिला एकदा दिशा धरली की मागे फिरता येत नाही, मधली पट्टी ओलांडता येत नाही. पळणाऱ्या मुलीला मात्र दोन्ही बाजू मोकळ्या. पाठीवर थाप आणि "खो" ऐकलेली मुलगी उठते तेव्हा तिनं तीन प्रश्न सोडवलेले असतात: पळणारी कुठं आहे, कुठं जाणार आहे, आणि मी कुठल्या बाजूनं निघू. खो मिळायच्या आधी उठलं तर फाऊल. म्हणजे उत्तर तयार ठेवायचं, पण हुकूम येईपर्यंत दाबून धरायचं. गुडघ्याला हे कधीच जमणार नाही.

या उत्तराला वेळ लागतो, आणि तो मोजता येतो. एके काळी विद्वानांनाही वाटायचं की शरीरातला संदेश इतक्या झपाट्यानं जातो की तो मोजणं शक्यच नाही. १८५० साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं बेडकाच्या पायातल्या चेतेवर प्रयोग करून तो मोजला. वेग निघाला सेकंदाला सुमारे २७ मीटर. आपल्या खो-खोच्या मैदानाची लांबीही २७ मीटरच आहे, त्यामुळे हा आकडा मुलांच्या डोक्यात पक्का बसतो. पुढे १८६८ मध्ये नेदरलँड्समधल्या डोंडर्स यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. ठरलेल्या एकाच खुणेला ठरलेलं एकच उत्तर द्यायला किती वेळ लागतो, आणि दोन खुणांमधून ओळखून योग्य उत्तर द्यायला किती, हे मोजून त्यांनी एकातून दुसरा वजा केला. उरलेला वेळ ओळखण्याचा आणि निवडण्याचा. मनाच्या कामाला घड्याळ लावण्याची ही सुरुवात होती आणि मला ती फार सुंदर वाटते.

आज साध्या खुणेची वेळ आपल्याला नीट माहीत आहे. दिवा लागला की बटण दाबायला तरुण निरोगी माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, कधी थोडे जास्त. आवाजाला कमी, दीडशेच्या आसपास. पर्याय वाढले की वेळ वाढतो. गुडघ्याच्या झटक्यापेक्षा हे सात-आठ पटींनी संथ आहे, कारण वाट लांब आहे: डोळा, मेंदूचा मागचा भाग, मग पुढचा, मग मेरुरज्जू, मग स्नायू.

मग प्रश्न असा की इतकं संथ यंत्र घेऊन खेळाडू इतके झटपट कसे? याचं उत्तर क्रिकेटमध्ये फार छान सापडलं आहे. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत जेमतेम अर्ध्या सेकंदात येतो. १९८७ मध्ये पीटर मॅक्लाउड यांनी मॅटिंगखाली काठ्या ठेवून टप्पा पडल्यावर चेंडू वाटेल तसा वळेल अशी खेळपट्टी केली. मुरलेल्या फलंदाजांनासुद्धा टप्प्यानंतरच्या सुमारे २०० मिलिसेकंदांच्या आत फटका बदलता आला नाही. म्हणजे त्यांचं यंत्रही आपल्यासारखंच. फरक दुसरीकडे होता. २००० साली मायकेल लँड आणि मॅक्लाउड यांनी फलंदाजांच्या नजरेची नोंद घेतली. फलंदाज चेंडूवर शेवटपर्यंत नजर ठेवतच नाहीत. हातातून सुटताना क्षणभर बघतात आणि मग नजर उडी मारून टप्पा पडणार त्या जागी आधीच जाऊन थांबते. चांगल्या फलंदाजाची ही उडी लवकर होते. "चेंडूवरून नजर काढू नकोस" हे आपण पिढ्यान् पिढ्या पोरांना सांगत आलो, आणि तरबेज खेळाडू मात्र नेमक्या क्षणी नजर काढून पुढं पाठवतात!

बॅडमिंटनमध्येही असंच दिसलं. चित्रफीत शटलला रॅकेट लागण्याच्या आधीच थांबवायची आणि शटल कुठं पडेल ते विचारायचं. कसलेले खेळाडू नवख्यांपेक्षा जास्त बरोबर सांगतात, कारण नवखे फक्त रॅकेट बघतात, कसलेले हातही वाचतात. तेव्हा ज्याला आपण 'रिफ्लेक्स' म्हणून टाळ्या वाजवतो तो लवकर सुरू झालेला निर्णय असतो. हात वेगवान नसतो, डोळ्यानं प्रश्न आधी विचारलेला असतो.

दोन्हींतला फरक ओळखायची माझी आवडती कसोटी म्हणजे हुलकावणी. गुडघ्याला हुलकावणी देता येत नाही. हातोडी उगारून थांबलात तर पाय जागचा हलत नाही. तो हातोडीकडे बघतच नसतो. पण पाठलाग करणारीला हुलकावणी देता येते, आणि ती का लागू पडते हे १९३१ मध्ये टेलफर्ड यांच्या प्रयोगातून कळलं. दोन खुणा एकामागोमाग चटकन आल्या तर दुसरीचं उत्तर नेहमीपेक्षा उशिरा येतं. मेंदू पहिल्या खुणेचं उत्तर निवडण्यात गुंतला की दुसरी रांगेत उभी राहते. पळणारी मुलगी खांदा डावीकडे टाकते, पाठलाग करणारीचं "डावीकडे" ठरायला लागतं आणि तेवढ्यात ती उजवीकडे निसटते. जी हुलकावणीला फसते तिचा निर्णय झालेला असतो, फक्त चुकीच्या माहितीवर. अशा मुलीला "तुझे रिफ्लेक्स स्लो" म्हणणं म्हणजे गणिताची पायरी चुकली म्हणून चष्म्याचा नंबर बदलण्यासारखं आहे.

सीमा अगदी सरळ रेघेसारखी आहे असं मात्र मी वर्गात सांगत नाही, कारण तसं नाही. गुडघ्याचा झटका नीट येत नसेल तर डॉक्टर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगतात आणि तोच झटका ठसठशीत येतो. बाकीच्या शरीराचं काय चाललंय याची दखल मेरुरज्जूही घेतो. १९५६ मध्ये हॅमंड यांनी कोपरात वाकवलेल्या हाताला अचानक हिसका देऊन स्नायूची नोंद घेतली. पहिला प्रतिसाद, सगळ्यात झटपट, ठरलेला असतो. पण त्यामागून लगेच येणारा दुसरा प्रतिसाद, जो अजूनही विचारपूर्वक हालचालीपेक्षा आधीचा, तो आधी काय सांगितलं होतं यावर बदलला. "हिसक्याला विरोध कर" म्हटलं होतं तर जोरकस, "सैल सोड" म्हटलं होतं तर क्षीण. निर्णय आधीच घेऊन खाली पाठवून ठेवलेला होता.

याच सीमेवर एक धावपटू बाद झाला. २०२२ च्या जागतिक मैदानी स्पर्धेत, ओरेगॉनमधल्या युजीन इथं, ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम फेरीत अमेरिकेचा डेव्हन ॲलन बंदुकीनंतर ०.०९९ सेकंदात निघाला. नियम म्हणतो, ०.१०० च्या आत निघालात तर तुम्ही ऐकून नव्हे, अंदाजानं निघालात. एक हजारांश सेकंद! पण १९९९ मध्ये वॉल्स-सोले आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की हालचाल पूर्ण तयार असेल आणि दचकवणारा मोठा आवाज आला, तर ती तयार हालचाल नेहमीच्या निम्म्या वेळात सुटू शकते. ०.१०० हा आकडा निसर्गानं आखलेला नाही, माणसांनी नियमासाठी ठरवला आहे, आणि माझ्या मते त्याचा पुनर्विचार व्हायलाच हवा.

शरीर निर्णयाचा नुसता शिपाई नसतं, हेही इथंच सांगितलं पाहिजे. २०१७ मध्ये हागुरा, हॅगार्ड आणि डीड्रिक्सेन यांनी लोकांना पडद्यावरचे ठिपके डावीकडे चाललेत की उजवीकडे ते दांडा हलवून सांगायला लावलं. एका बाजूचा दांडा हळूहळू, कळणार नाही असा, जड केला. लोकांना ठिपके दुसऱ्या बाजूला जाताना जास्त वेळा दिसू लागले. नंतर दांडा बाजूला ठेवून तोंडी उत्तर द्यायला सांगितलं तरी तो कल टिकला. करायला जड ते दिसेनासं होतं! मांडीत गोळा आलेल्या मुलीला खांबाकडची वाट का दिसत नाही, हे मला हा प्रयोग वाचल्यावर नव्यानं कळलं. पूर्वी मी तिला "लक्ष कुठं आहे तुझं" म्हणून रागावत असे.

हा घोळ मैदानापुरता असता तर मी इतकं लिहिलं नसतं. "फोनवर बोलत असलो तरी माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो" हे वाक्य मी घरातल्या माणसांकडून ऐकलं आहे. पाय आपोआप जात नाही. ब्रेक दाबणं ही प्रतिक्षिप्त क्रिया नाही; ती बघणं, ओळखणं, निवडणं या लांब वाटेनंच येते, आणि त्या वाटेवर फोनवरचं बोलणं आधीच रांगेत उभं असतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते, म्हणजे खो-खोचं अख्खं मैदान ओलांडून पलीकडे. फोनवर बोलताना हातोडी मारली तर गुडघा तितक्याच वेळात उडेल. फरक पडतो तो ब्रेकला.

त्या परत आलेल्या मुलीला मी शेवटी प्रयोगशाळेत बोलावलं. पट्टी वरून धरायची, तिनं खाली बोटं उघडी ठेवायची, न सांगता पट्टी सोडायची. पट्टी २० सेंटिमीटर घसरली तर ०.२ सेकंद झाले. ५ सेंटिमीटरला पकडली तर जेमतेम ०.१, म्हणजे बहुधा अंदाजच. दहा वेळा केलं. मग जिच्या रिफ्लेक्सचं कौतुक झालं होतं तिलाही बोलावलं. दोघींच्या सरासरीत एका सेंटिमीटरचा फरक निघाला. वेळेत धरला तर पाच मिलिसेकंद.

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी जानेवारी २०२५ मधल्या दिल्लीच्या विश्वचषकाची चित्रफीत लावली, जिथं प्रियांका इंगळेच्या संघानं अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. पळणारीनं वळायच्या अगदी आधी मी ती थांबवली आणि विचारलं, कुठं जाईल? कौतुक झालेलीनं झटकन सांगितलं, "उजवीकडे, बाई. कंबर बघा ना तिची." चाचणीतून परत आलेली म्हणाली, "मी तर चेहऱ्याकडे बघत होते."

आता शनिवारी मैदानावर जायच्या आधी आम्ही अर्धा तास फक्त कंबर आणि पाय बघतो.