जंबल वर्ड आणि अ‍ॅनाग्राम एकच का? नाही हो

भाच्याच्या इंग्लिशच्या वर्कशीटवर परवा सहा अक्षरं उलटसुलट दिलेली, टी-ई-आय-एन-एल-एस, आणि शब्द ओळखायचा होता. त्याने लिहिलं 'सायलेंट'. त्यावर लाल फुली, कारण उत्तर होतं म्हणे 'लिसन'. "मावशी, माझं काय चुकलं?" आता काय सांगू, चुकलं होतं प्रश्न काढणाऱ्याचं.

जंबल वर्ड म्हणजे मुद्दाम विस्कटलेला शब्द, समोर जे दिसतं त्याला काडीचाही अर्थ नसतो, आपण तो जुळवून घ्यायचा. अ‍ॅनाग्राम म्हणजे एका शब्दाची अक्षरं फिरवून दुसरा शब्द करणं, त्यात मात्र दोन्हीकडे अर्थ लागतो आणि सगळीच्या सगळी अक्षरं वापरावी लागतात, एकही उरलं तर गेलं. आणि लोचा होतो कारण एकाच जंबलमधून कधीकधी अ‍ॅनाग्रामची अख्खी भावंडं बाहेर पडतात. ही सहा अक्षरं 720 प्रकारे मांडता येतात आणि त्यात लिसन, सायलेंट तर आहेतच, शिवाय एनलिस्ट म्हणजे सैन्यात वगैरे भरती होणं, टिन्सल म्हणजे ख्रिसमस ट्रीला लावतात ती चमकी, आणि इनलेट्स म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या छोट्या खाड्या, असे पाच तर मलाच सापडले. म्हणून जंबल काढणाऱ्याने एकच उत्तर निघेल अशी अक्षरं घ्यायची असतात.

मोठमोठे लोकही यात फसलेत बरं का. 1610 मध्ये गॅलिलिओने शनीबद्दलचा आपला शोध लॅटिन अक्षरं विस्कटून कळवला, खगोलशास्त्रज्ञ केप्लरने ती आपल्या पद्धतीने जुळवली आणि अर्थ काढला की मंगळाला दोन चंद्र आहेत! गंमत म्हणजे मंगळाला खरंच दोन चंद्र निघाले, पण ते सापडले थेट 1877 मध्ये.

नेटवरचे अक्षरं सोडवणारे टूल्स अजून गोंधळ घालतात, नाव अ‍ॅनाग्रामचं आणि यादीत टिन, नेट, नेस्ट, टाइल असे तुकडेही. ते स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्यांनी शब्द जुळवायचा खेळ, खेळणाऱ्यांच्या कामाचे, तिथे हातात असेल तेवढ्यात भागवायचं असतं, सातही सोंगट्या एकदम लागल्या तर 50 पॉइंट जास्तीचे. बरं, यादीतल्या शब्दांचे अर्थ बघायचे कष्ट कोणी घेत नाही, मग मुलांना टिन्सल सापडतो पण तो खायचा की लावायचा ते माहीत नसतं.

दोन शब्द अ‍ॅनाग्राम आहेत का ते बघायचं तर दोघांची अक्षरं ए-बी-सी-डीच्या क्रमाने लावा, लिसन आणि सायलेंट दोन्हींचं ई-आय-एल-एन-एस-टी होतं, मग विषय संपला. मराठीत कमलचं कलम पटकन होतं, पण काना-मात्रा आपापल्या अक्षराला धरून फिरतात त्यामुळे असे शब्द जरा हुडकावे लागतात.

वर्कशीटवर मी पाचही शब्द पेन्सिलीने लिहून परत पाठवलेत, अजून काही उत्तर नाही.