कॅक्टसचं बी कोरड्या वाळूत उगवत नाही हो!

कॅक्टस वाळवंटातला, म्हणून बी पण कोरड्या वाळूत टाकायचं, कडक उन्हात ठेवायचं आणि पाणी द्यायचंच नाही, असं वर्षानुवर्षं सगळे सांगतात. मीही तेच केलं आणि महिनाभर नुसती वाळू बघत बसलो.

मोठ्या झाडाचा नियम बाळाला लागत नाही. अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटातला तो उंच सग्वारो कॅक्टस घ्या, त्याचं बी उन्हाळी पावसात रुजतं आणि टिकणारी रोपं बहुतेक पालो व्हर्दे वगैरे झाडांच्या सावलीत सापडतात. म्हणजे ओल पण हवी, आडोसा पण हवा.

घरी मिठाईचा पारदर्शक डबा घ्यायचा, निम्म्याहून जास्त बारीक खडी किंवा परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) आणि थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), मिश्रण ओलं करून बी फक्त वर भुरभुरायचं, पुरायचं नाही (बहुतेकांना उजेड लागतो), झाकण लावून खिडकीपाशी, थेट ऊन नको. 20 ते 30 डिग्रीत साधारण आठवडा ते तीन आठवड्यांत मोहरीएवढे हिरवे मणी दिसतात, काटे नंतर, आधी नुसता गोळा.

झाकण काही महिन्यांनी हळूहळू उघडा. बुरशी दिसली तर लवकर.

आणि ऑनलाइन मिळणारं निळं-जांभळं ‘रेनबो कॅक्टस’चं बी? तो फोटो रंगवलेला असतो.