पायाचं ऑपरेशन झालंय? मापाला यायची घाई नको

टाके निघाले की दुसऱ्या दिवशी मंडळी दुकानात हजर. डॉक्टरांनी शुगरची चप्पल सांगितलेली असते, घाई समजते. पण तेव्हा पाय सुजलेला असतो. त्यावर साचा घेतला तर पुढे सूज उतरते, पाय आत घसरायला लागतो आणि जोड नव्याने बांधावा लागतो. शुगरने बधिर झालेल्या पायाला ते घसरणं कळतही नाही, कळतं ते मोज्याला डाग लागल्यावर. म्हणून जखम पूर्ण भरून, सूज उतरून, डॉक्टरांनी चालायची परवानगी दिल्यावरच या. तोवर त्यांनी दिलेलं प्लास्टर किंवा बूट सोडू नका. जखम उघडी असेल तर आम्ही माप घेत नाही, मग कोणी रागावलं तरी.

‘ऑपरेशन झालं, आता चप्पल कशाला?’ असंही विचारतात. शुगरने नसांबरोबर तळव्यातले बारीक स्नायूही दुबळे होतात. बोटं आकड्यासारखी वाकतात, त्यांच्या मुळाशी असलेली हाडं खाली टोचतात, तिथे घट्टा धरतो आणि घट्ट्याखाली जखम होते. सर्जन हा दाबच कमी करतात: बोटाखालची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) सोडवून बोट सरळ करतात, टाचेमागची कंडरा लांबवतात किंवा टोचणाऱ्या हाडाचं डोकं काढतात. शार्कोच्या पायात, म्हणजे बधिर पायातली हाडं-सांधे ढासळतात त्या आजारात, कमान बसून तळव्याला उंचवटा येतो, तो तासतात. पण एका हाडाखालचा दाब काढला की तो शेजारच्या हाडावर जाऊ शकतो. भरलेली जखम वर्षभरात पुन्हा होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्के आहे ते उगाच नाही. म्हणून डिस्चार्जचा कागद आणा. कुठलं हाड काढलंय ते कळलं, की आतला तळ नेमका कुठे कोरायचा ते ठरतं.

मुलाच्या हाती कागदावर पाय आखून पाठवू नका. कागदावर लांबी-रुंदी येते, उंचवटा येत नाही. स्वतः या, संध्याकाळी या, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. नेहमीचे मोजेही आणा.

राजवाड्याच्या बाजारात मऊ चप्पल बरीच स्वस्त मिळते, मान्य. ती बोटाने दाबून बघा आणि मग महिनाभर वापरलेली बघा, टाचेखाली पापड झालेला असतो. आम्ही एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर (बारीक हवेच्या पोकळ्यांचं) रबर वापरतो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांवर जे काम केलं, त्या परंपरेतलं हे रबर. तळाला खिळा नाही, मागे पट्टा असतो. अंगठ्याची चप्पल आम्ही बनवत नाही, कितीही आग्रह केलात तरी.

नवा जोड पहिल्या दिवशी तास-दोन तास घाला आणि काढल्यावर तळवा आरशात बघा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर घालणं थांबवा, दुकानात या. पट्टा सैल करणं, तळ घासणं याचे पैसे घेत नाही. अनंत चतुर्दशीला नव्या जोडावर रात्रभर झांक्या (मिरवणुकीतले देखावे) बघत हिंडायचं, हे मात्र नको. दरवर्षी कोणीतरी हिंडतंच.

आणि घरात अनवाणी फिरू नका. बाहेरची चप्पल घरात नको असेल तर त्याच साच्यावर घरचा दुसरा जोड करून देतो, मापाचे पैसे दुसऱ्यांदा लागत नाहीत.