नाणं जितकं जुनं, तितकं महाग?

‘शंभर वर्षांपूर्वीचं नाणं म्हणजे लाखोंचा ऐवज’ असा निरोप वर्षानुवर्षं फिरतो. तसं वाटणं साहजिक आहे, पण वय हा किमतीतला एक लहान भाग. चौथ्या शतकातली रोमन तांब्याची नाणी ढिगांनी सापडतात, म्हणून त्यांतली बरीचशी स्वस्तच मिळतात. उलट १९१३ सालची ‘लिबर्टी हेड’ ही अमेरिकी ५ सेंटची नाणी फक्त ५ ठाऊक आहेत. तिथे भाव आकाशाला भिडतो.

आधी साल आणि टांकसाळीची खूण पाहून कॅटलॉगमध्ये नाणं शोधा. वजन जुळतं का? झीज किती? मग लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या तशाच नाण्यांचे भाव बघा. जाहिरातीतला आकडा ही निव्वळ अपेक्षा असते. आणि हो, घासूनपुसून चकचकीत करू नका, किंमत उतरते.